महिन्याची कमाई दोन सौद्यांत जाते? एन्ट्री सोडा, लॉट तपासा

चलनांच्या बाजारात (फॉरेक्स) सौदे करणाऱ्यांची तक्रार साधारण अशी असते. दहातले सहा-सात सौदे फायद्यात सुटतात, चार्टचं वाचन बरं आहे, तीन आठवडे खातं थोडं थोडं वर सरकतं आणि मग एखाद्या मंगळवारी दोन सौद्यांत सगळं परत जातं. जाताना मूळ भांडवलाचाही लचका तोडून जातं. मग इंडिकेटर बदलला जातो, टाइमफ्रेम बदलते, पौंड सोडून येन धरला जातो. दोन महिन्यांनी तक्रार तीच, फक्त चलनांची जोडी वेगळी.

असं एकदा झालं तर नशीब म्हणून सोडून देता येईल. पुन्हा पुन्हा होत असेल तर दोष बहुतेक वेळा सौद्याच्या आकारात असतो. लॉट (सौद्याचा आकार मोजायचं एकक) किती घ्यायचा हे सगळ्यात शेवटी ठरायला हवं, आणि तेही आधीच्या तीन आकड्यांमधून आपोआप: खात्यात किती आहे, त्यातलं किती गमवायची तयारी आहे आणि स्टॉप, म्हणजे तोटा थांबवायला लावलेला भाव, एन्ट्रीपासून किती लांब आहे. बहुतेकांकडे मात्र लॉट सगळ्यात आधी ठरलेला असतो. ‘मी ०.५० नेच करतो’ असं कुणी म्हणालं की पुढचं निदान निम्मं झालेलं असतं.

आधी जुने सौदे मांडून बघा

टर्मिनलमधून (ब्रोकरच्या सौदे करायच्या सॉफ्टवेअरमधून) मागच्या शंभरेक सौद्यांचा इतिहास काढा आणि स्प्रेडशीटमध्ये टाका. एन्ट्रीचा भाव, स्टॉप, लॉट, वेळ, नफा-तोटा हे रकाने तिथे असतातच. त्यात आपले दोन वाढवायचे. पहिला: स्टॉप लागला असता तर त्या दिवशीच्या शिलकीच्या किती टक्के गेले असते. दुसरा: प्रत्यक्ष निकाल भागिले ठरवलेली जोखीम. या दुसऱ्या आकड्याला व्यापारी ‘आर’ म्हणतात. ५० डॉलरची जोखीम घेऊन ७५ मिळाले तर अधिक १.५ आर, ५० गेले तर उणे १ आर.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. अहवालात बऱ्याचदा शेवटचा स्टॉप दिसतो, सौदा उघडताना लावलेला नाही. मध्ये तो सरकवला असेल तर मूळचा आकडा कुठेच राहत नाही. जुन्या सौद्यांचा आठवेल तसा भरा. नव्या सौद्यांचा एन्ट्रीच्या वेळीच लिहून ठेवा, नाहीतर पुढची सगळी तपासणी लंगडी होते.

हे दोन रकाने तयार झाले की दोष कुठला आहे ते बहुधा तिथेच दिसतं. खाली जे प्रकार दिलेत ते मला जितके वेळा दिसतात त्या क्रमाने आहेत. एकाच खात्यात दोन-तीन एकत्र असणंही नवलाचं नाही.

टक्क्यांचा रकाना उड्या मारतोय

एका ओळीत १.५ टक्के, पुढच्या ओळीत ८, मग १.२, मग ६. हा ठरलेल्या लॉटचा दोष. लॉट कायम, स्टॉप मात्र दर वेळी वेगळा, म्हणून जोखीम वर-खाली.

५,००० डॉलरचं खातं घ्या, युरो/डॉलर, लॉट नेहमी ०.५०. म्हणजे एक पिप (भावाची हालचाल मोजायचं एकक, इथे ०.०००१) ५ डॉलरचा. पंधरा मिनिटांच्या चार्टवर स्टॉप १५ पिपचा, जोखीम ७५ डॉलर, दीड टक्का. त्याच दिवशी चार तासांच्या चार्टवर छान रचना दिसली, स्टॉप ८० पिपचा, लॉट तोच. जोखीम ४०० डॉलर, आठ टक्के. आता समजा दहा सौदे झाले. छोट्या चार्टवरचे सात सौदे प्रत्येकी २० पिप देऊन गेले, म्हणजे ७०० डॉलर आले. एक छोटा स्टॉप लागला, ७५ गेले. मोठ्या चार्टवरचे दोन स्टॉप लागले, ८०० गेले. सत्तर टक्के सौदे बरोबर आणि खातं १७५ डॉलरने खाली.

हेच दहा सौदे ‘आर’मध्ये मोजा. सात सौदे प्रत्येकी अधिक १.३३, तीन उणे १. बेरीज अधिक ६.३ आर. प्रत्येक सौद्यात ५० डॉलर, म्हणजे एक टक्का, अशी सारखी जोखीम असती तर हातात सुमारे ३१५ डॉलर आले असते. एन्ट्री त्याच, स्टॉप तेच, बाजार तोच. ‘आर’ची बेरीज अधिक आणि पैशांची उणे निघाली की पद्धतीला दोष देणं बंद करा.

दुरुस्तीचं सूत्र जुनंच आहे. जोखमीची रक्कम भागिले (स्टॉपचे पिप गुणिले एका लॉटच्या एका पिपची किंमत). वरच्या खात्यात ५० डॉलर जोखीम आणि ८० पिपचा स्टॉप असेल तर ५० भागिले ८००, म्हणजे ०.०६२५. लॉट ०.०६. स्टॉप १५ पिपचा असेल तर ५० भागिले १५०, म्हणजे ०.३३. नेहमी खालच्या बाजूला पूर्ण करायचं. कमिशन असेल तर ते ५० मधून आधीच वजा करा. छोट्या स्टॉपवर ते बोचतं.

सूत्र वापरूनही आकडे चुकतात तेव्हा

टक्के तरीही जुळत नसतील तर पिपची किंमत तपासा. ‘एक लॉट म्हणजे पिपला दहा डॉलर’ हे वाक्य इतकं पाठ झालेलं असतं की ते कुठे लागू नाही हे कुणी बघत नाही.

एक लॉट म्हणजे जोडीतल्या पहिल्या चलनाचे एक लाख. पिपची किंमत मात्र दुसऱ्या चलनात निघते. युरो/डॉलरमध्ये पिप ०.०००१ चा, गुणिले एक लाख, म्हणून १० डॉलर. डॉलर/येनमध्ये पिप ०.०१ चा, म्हणून १,००० येन. भाव १५० असेल तर ते ६.६७ डॉलर झाले, भाव १०५ असेल तर ९.५२. युरो/पौंडमध्ये पिप १० पौंडांचा. पौंड १.२५ डॉलरला असेल तर १२.५० डॉलर. म्हणजे सगळीकडे दहा धरणारा माणूस युरो/पौंडमध्ये स्वतःच्या नकळत सव्वापट जोखीम घेतो आणि येनमध्ये गरजेपेक्षा कमी. खातं डॉलरऐवजी तिसऱ्याच चलनात असेल तर अजून एकदा रूपांतर करावं लागतं. हे सगळं तोंडी करू नका. शीटमध्ये भाव टाकायची एक चौकट ठेवा, पिपची किंमत तिथूनच निघू दे.

दुसरा घोळ पिप आणि पॉइंटचा. आता बहुतेक ब्रोकर पाचवा दशांश दाखवतात, येनच्या जोड्यांत तिसरा. टर्मिनलमधला ‘पॉइंट’ हा तो शेवटचा अंक असतो, आणि दहा पॉइंट मिळून एक पिप होतो. स्टॉपच्या चौकटीत २०० लिहिलं आणि मनात २०० पिप असतील तर प्रत्यक्षात स्टॉप २० पिपवर बसलाय. लॉट काढणाऱ्या तयार स्क्रिप्टमध्ये हा घोळ झाला तर आकार थेट दहापट चुकतो. नवीन स्क्रिप्ट किंवा कॅल्क्युलेटर घेतलात तर आधी युरो/डॉलरवर हाताने काढलेल्या उत्तराशी ताडून पाहा.

सोन्याचा उल्लेख करायलाच हवा, कारण ते चलन नसलं तरी त्याच खात्यात, त्याच खिडकीत विकलं जातं. बहुतेक ठिकाणी त्याचा एक लॉट १०० औंसांचा असतो, म्हणजे भाव एका डॉलरने हलला की लॉटमागे १०० डॉलर. सोन्याचा ‘पिप’ कुणी ०.१ धरतो, कुणी ०.०१. तिथे पिपची भाषाच सोडा आणि डॉलरच्या अंतराने मोजा. कॉन्ट्रॅक्टचा आकार टर्मिनलमध्ये प्रत्येक चिन्हाच्या तपशिलात दिलेला असतो, तो वाचायला दोन मिनिटं लागतात.

टक्के नीट आहेत, पण तोटे उणे १ वर थांबत नाहीत

‘आर’च्या रकान्यात उणे १, उणे १.१, उणे १ आणि मधूनच उणे २.८ किंवा उणे ४ दिसतंय. इथे दोन अगदी वेगळे आजार एकसारखे दिसतात, म्हणून औषध देण्याआधी वेगळे करावे लागतात. सौदा बंद झालेला भाव आणि मूळ स्टॉप शेजारी ठेवा आणि तारीख-वेळ बघा.

स्टॉप सरकवलेला असेल तर फार बोलण्यासारखं काही नाही. भाव जवळ आला, ‘थोडी जागा देऊ’ म्हणून स्टॉप मागे गेला, मग अजून मागे. लॉट ज्या अंतरावर काढला ते अंतर बदललं म्हणजे सूत्राचं उत्तर रद्द झालं. स्टॉप फायद्याच्या दिशेनेच सरकेल हा नियम पाळता येत नसेल तर आदेश टाकून टर्मिनल बंद करा. मोबाइलवरचं ॲपही. स्वतःवर भरवसा ठेवण्यापेक्षा हे सोपं पडतं.

स्टॉप जागेवर होता आणि तरीही सौदा पलीकडे जाऊन तुटला, हा आजार जास्त गंभीर आहे आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. साधा स्टॉप म्हणजे भावाची हमी नव्हे. भाव तिथे पोचला की तो बाजारभावाचा आदेश बनतो आणि समोर जो भाव उपलब्ध असेल तिथे भरला जातो. एरवी फरक एखाद्या पिपचा पडतो. कधीकधी समोर कुणीच नसतं.

१५ जानेवारी २०१५ चं उदाहरण सगळे देतात, आणि ते तितकं बोलकं आहेच. स्विस नॅशनल बँकेने सप्टेंबर २०११ पासून एका युरोला १.२० फ्रँकचा तळ धरून ठेवला होता. अनेकांनी त्या तळाच्या किंचित वर खरेदी केली होती आणि स्टॉप तळाच्या जरासा खाली लावला होता. स्टॉप अगदी जवळ, म्हणून लॉट प्रचंड. त्या सकाळी बँकेने तळ काढून घेतला आणि काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. स्टॉप होते, पण मधल्या भावांना घेणारेच नव्हते. अनेक खाती नुसती रिकामी झाली नाहीत, ती उणे झाली. अल्पारी यूके ही ब्रोकर कंपनी बुडाली आणि एफएक्ससीएम या दुसऱ्या ब्रोकरला तगून राहण्यासाठी ३० कोटी डॉलरचं कर्ज घ्यावं लागलं. ७ ऑक्टोबर २०१६ ला आशियातल्या पहाटे पौंड काही मिनिटांत सुमारे ९ टक्के कोसळून बराचसा परत आला. ३ जानेवारी २०१९ ला जपानमध्ये नववर्षाची सुट्टी असताना येनने अशीच उसळी घेतली. तिन्ही घटना अगदी निरनिराळ्या कारणांनी घडल्या, पण स्टॉपच्या भरवशावर मोठा लॉट घेणाऱ्याचं तिन्ही वेळा सारखंच झालं.

इथे एक टक्क्याचा नियम एकटा पुरत नाही. ५,००० डॉलरच्या खात्यात एक टक्का जोखीम, स्टॉप ५ पिपचा, सूत्र सांगतं पूर्ण एक लॉट. युरो १.१० डॉलरला असेल तर हा सौदा १,१०,००० डॉलरचा झाला, खात्याच्या २२ पट. कागदावर जोखीम एक टक्काच. पण भाव उडी मारून २ टक्के विरुद्ध गेला तर २,२०० डॉलर, म्हणजे खात्यातले ४४ टक्के गेले. तोच एक टक्का ५० पिपच्या स्टॉपवर घेतला असता तर लॉट ०.१०, सौदा खात्याच्या २.२ पट, आणि तशाच उडीत ४.४ टक्के गेले असते. दोन्ही सौदे शीटमध्ये ‘१ टक्का’ म्हणूनच दिसतात.

म्हणून सूत्रानंतर दुसरी चाळणी लावा: उघड्या सौद्यांची एकूण किंमत भागिले खात्यातली रक्कम. हा तुमचा खरा लिव्हरेज, ब्रोकरने दिलेला नव्हे. माझी स्वतःची मर्यादा पाचपट आहे, रात्रभर किंवा शनिवार-रविवार पलीकडे सौदा न्यायचा असेल तर त्याहून कमी. तुम्ही वेगळा आकडा धरा, पण धरा. सूत्राने दिलेला लॉट आणि या मर्यादेत बसणारा लॉट, यातला लहान तो घ्यायचा. ज्या चलनाचा भाव कुणी मध्यवर्ती बँक ओढून धरते आहे, तिथे ही मर्यादा निम्म्यावर आणली तरी चालेल. अशा जोड्यांत हालचाल कमी दिसते म्हणून लोक लॉट वाढवतात, आणि सगळी जोखीम त्या शांततेतच साठत जाते.

उणे १.३ किंवा १.५ असे मधलेच आकडे वारंवार दिसत असतील तर घड्याळ बघा. न्यूयॉर्कच्या संध्याकाळी पाचला दिवसाचा हिशेब बंद होतो, बँका बाजूला होतात आणि स्प्रेड (खरेदी आणि विक्रीच्या भावांतलं अंतर) काही मिनिटं फाकतो. विक्रीच्या सौद्याचा स्टॉप ‘आस्क’ भावावर (ज्या भावाला आपल्याला विकत घ्यावं लागतं) लागतो आणि चार्ट बहुधा ‘बिड’ (ज्या भावाला आपण विकतो) दाखवतो. म्हणून ‘भाव तिथवर गेलाच नाही आणि माझा स्टॉप उडवला’ अशी ब्रोकरवर चिडलेली तक्रार येते. चार्टवर आस्कची रेघ चालू करा, विक्रीच्या स्टॉपमध्ये स्प्रेड आधीच मिळवा आणि लॉट त्या वाढलेल्या अंतरावर काढा.

प्रत्येक ओळ निर्दोष, तरी एका दिवसात चार टक्के

शीट तारखेप्रमाणे लावा. एकाच दुपारी तीन-चार तोटे एकत्र पडलेत का? मग त्या ओळींमधल्या जोड्या वाचा. युरो/डॉलर खरेदी, पौंड/डॉलर खरेदी, ऑस्ट्रेलियन डॉलर/अमेरिकी डॉलर खरेदी, डॉलर/फ्रँक विक्री. प्रत्येकी एक टक्का. लिहिणाऱ्याच्या मते हे चार सौदे आहेत. प्रत्यक्षात अमेरिकी डॉलर पडेल यावर लावलेली ही एकच पैज आहे, चार टक्क्यांची, आणि अमेरिकेच्या रोजगाराचा मासिक आकडा जोरदार आला की चारही स्टॉप एका मिनिटात लागतात.

उपाय कंटाळवाणा पण सोपा. प्रत्येक सौदा दोन चलनांत फोडा. युरो/डॉलर खरेदी म्हणजे युरो अधिक १, डॉलर उणे १. सगळ्या उघड्या सौद्यांची अशी बेरीज करा आणि कुठल्याही एका चलनाच्या बाजूला दोन टक्क्यांहून जास्त जोखीम जमू देऊ नका. चार जोड्यांवर सारखीच रचना दिसत असेल तर सगळ्यात स्वच्छ एक निवडा किंवा तेच दोन टक्के चौघांत वाटा. उलटाही प्रकार असतो: युरो/डॉलर खरेदी आणि डॉलर/फ्रँकही खरेदी. दोन सौदे बऱ्याच अंशी एकमेकांना खातात आणि स्प्रेड तेवढा दोनदा जातो.

जोड्यांमधला सहसंबंध दाखवणारे तक्ते मिळतात, त्यांवर फार विसंबू नका. ते मागच्या काही आठवड्यांचं सांगतात आणि घबराट सुरू झाली की आकडे बदलतात. २०२४ च्या उन्हाळ्यात स्वस्त येन उधार घेऊन जास्त व्याजाची चलनं धरणाऱ्यांची गर्दी होती. ३१ जुलैला बँक ऑफ जपानने दर ०.२५ टक्क्यांवर नेला, २ ऑगस्टला अमेरिकेचा रोजगाराचा आकडा कमजोर आला आणि ५ ऑगस्टला सगळे एकाच दाराकडे धावले. जुलैच्या सुरुवातीला १६० च्या वर असलेला डॉलर १४२ येनपर्यंत उतरला. ज्याने मेक्सिकन पेसो, ऑस्ट्रेलियन डॉलर, पौंड, डॉलर असे येनविरुद्ध चार ‘वेगवेगळे’ सौदे धरले होते, त्याच्याकडे एकच सौदा होता.

तोट्यानंतर लॉट फुगतो

हा दोष शोधायला आणखी एक रकाना लागतो: या सौद्याचा लॉट भागिले मागच्या सौद्याचा लॉट. त्यापुढे मागचा निकाल लिहा. तोट्यानंतरच्या ओळींत हा भागाकार सारखा १ च्या वर जात असेल तर तुम्ही नुकसान भरून काढायला लॉट वाढवताय, मग त्याला रिकव्हरी म्हणा की ॲव्हरेजिंग.

दुप्पट करत जाणाऱ्यांचं गणित एकदा कागदावर बघावं. ०.१०, ०.२०, ०.४०, ०.८०, १.६०, ३.२०. सहा तोट्यांनंतर ६.३० लॉटइतकं नुकसान सोसलेलं असतं आणि सातव्याला ६.४० लावून जिंकलं तरी हाती येतो ०.१० चा फायदा. ‘सलग सहा कुठे होतात?’ असं वाटतं. नाणेफेकीसारखी निम्मी-निम्मी शक्यता धरली तर शंभर सौद्यांत कुठेतरी सलग सहा तोटे येण्याची शक्यता अर्ध्याहून जास्त आहे, साधारण ५५ टक्के. सलग पाचची ८० टक्क्यांच्या आसपास.

फायद्यानंतर लॉट फुगणंही तितकंच पाहावं, आणि सुरुवातीची ती तीन आठवडे चढण आणि एक घसरण बहुधा यातूनच येते. पाच सौदे लागोपाठ सुटले, हात बसला असं वाटलं, सहाव्याला लॉट तिप्पट. साखळी कधीतरी तुटणारच असते आणि ती नेमकी सगळ्यात मोठ्या लॉटवर तुटते, कारण लॉट साखळीबरोबर वाढत गेलेला असतो.

यावर काम करतो तो उपाय असा: लॉट काढायला लागणारी शिल्लक आठवड्यातून एकदाच टिपायची, बाजार बंद असताना. आठवडाभर तोच आकडा. मध्ये काय झालं याला लॉटमध्ये वाटच ठेवायची नाही. शिवाय दिवसात उणे २ आर झाले की त्या दिवशी नवा सौदा नाही. टप्प्याटप्प्याने खरेदी करायची असेल तर हरकत नाही, पण एकूण एक टक्का आधी ठरवून त्याचे तीन भाग करा आणि तिन्हींचा शेवटचा स्टॉप एकच ठेवा. आधी पूर्ण एक टक्का टाकून मग खाली अजून घेणं याला टप्पे म्हणत नाहीत.

मग टक्के किती?

एक की दोन, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. उलट बाजूने या. सलग दहा तोटे लागले असं धरा. एक टक्क्याने खातं ९.६ टक्के खाली येतं, दोनने १८.३, पाचने ४०, दहाने ६५. आता परतीचा रस्ता: १० टक्के गेले तर ११ टक्के कमवून भरतात, ३० गेले तर ४३ लागतात, ५० गेले तर १००. खातं किती खाली आलं तर तुम्ही नियम मोडायला लागता, हे तुम्हाला जुन्या शीटवरून कळेल. तिथे वागणं बदललेलं दिसतं. ते १५ टक्क्यांवर होत असेल तर दहाच्या साखळीला दीड टक्का पुरे, आणि सौदे एकत्र पडतात हे धरून मी एकच घेईन.

जिंकण्याच्या प्रमाणावरून ‘सर्वोत्तम’ टक्का काढणारी केलीसारखी सूत्रं आहेत. गणित चोख आहे, पण त्यात घालायचा आकडा तुमच्याकडे नसतो. पन्नास सौद्यांत ६० टक्के यश मिळालं तर खरं प्रमाण ४६ ते ७४ मध्ये कुठेही असू शकतं. ४६ असेल तर सूत्राने सांगितलेला लॉट खातं खाऊन टाकेल.

लिव्हरेजबद्दल थोडक्यात. १ ला ५०० च्या खात्यात, म्हणजे ब्रोकर पाचशेपट सौदा करू देतो तिथे, १.१० च्या भावाने एका लॉट युरोला २२० डॉलरच मार्जिन अडकतं, म्हणून सौदा छोटा वाटतो. पिपला जाणारे दहा डॉलर १ ला ३० च्या खात्यातही दहाच असतात. मार्जिन म्हणजे अडकवलेली रक्कम, जोखीम स्टॉपवरून ठरते. २०१८ मध्ये युरोपच्या नियामकाने, एस्माने, मुख्य जोड्यांवर किरकोळ ग्राहकांसाठी १ ला ३० ची मर्यादा घातली, तेव्हा लिव्हरेजवरच्या अशा करारांत (सीएफडी) ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात असल्याचं सांगितलं होतं. मर्यादेने जास्तीत जास्त लॉट आवळला, पण ३० पटही वरच्या हिशेबात फारच जास्त आहे.

खातंच लहान असेल तर

सगळं बरोबर करूनही सूत्र जमत नाही असा एक प्रसंग येतो. खात्यात २०० डॉलर, एक टक्का म्हणजे २. सगळ्यात लहान लॉट ०.०१, पिपला १० सेंट. म्हणजे स्टॉप २० पिपच्या आत असेल तरच सौदा बसतो. चार्ट म्हणतोय ६० पिप. मग जोखीम ६ डॉलर, तीन टक्के.

इथे सगळ्यात जास्त दिसणारा चुकीचा उपाय म्हणजे लॉटमध्ये बसावा म्हणून स्टॉप २० पिपवर ओढणं. स्टॉप कुठे असावा हे चार्टवरून ठरतं: ज्या भावाला तुमचा अंदाज खोटा ठरतो ती जागा. ती जागा तुमच्या शिलकीकडे बघून हलत नाही. ओढलेला स्टॉप नेहमीच्या चढ-उतारातच उडतो आणि मग ‘स्टॉप लागल्यावरच भाव फिरतो’ ही नवी तक्रार सुरू होते. लहान टाइमफ्रेमवर जाणं हा अर्धामुर्धा उपाय आहे. स्टॉप १० पिपचा आणि स्प्रेड दीड पिपचा असेल तर प्रत्येक सौद्याच्या जोखमीचे १५ टक्के आत शिरतानाच गेले. त्यापेक्षा सेंट खातं (शिल्लक सेंटमध्ये मोजणारं, म्हणून फार लहान सौदे करू देणारं) किंवा हजाराहून कमी युनिटचा सौदा करू देणारा ब्रोकर बघा, किंवा २० पिपमध्ये बसणारे तेवढेच सौदे घ्या आणि बाकीचे सोडा. सोडलेले सौदेही शीटमध्ये लिहा, लॉटच्या जागी शून्य टाकून. पैसे वाढवायचे की नाहीत हे ठरवताना त्या ओळी उपयोगी पडतील.

दुरुस्तीनंतर काय तपासायचं ते सरळ आहे. पुढचे तीस-चाळीस सौदे झाले की टक्क्यांचा रकाना जवळजवळ सपाट दिसायला हवा आणि तोटे उणे १ च्या आसपास गोळा व्हायला हवेत. दोन्ही दिसत असतील तर आकाराचा दोष गेला. त्यानंतरही ‘आर’ची बेरीज उणे येत असेल तर ते एन्ट्री-एक्झिटचं काम आहे, ते लॉटने सुटणार नाही, आणि ते सुटेपर्यंत ०.०१ च्या वर जायचं काही कारण नाही.